पहिला मेसेज कुणी टाकला?

कुठे दंगल उसळते, कुठे जमाव कुणाचा तरी जीव घेतो, कुठे निवडणुकीच्या तोंडावर बनावट चित्रफीत फिरते. दोन दिवसांत एखादा मंत्री किंवा आमदार हमखास म्हणतो, ‘हा मेसेज पहिल्यांदा कुणी टाकला ते शोधून काढा.’ ऐकणाऱ्याला ते पटतं. फोन कुणी कुणाला केला हे पोलिसांना कळतं, बँकेतून पैसे कुठे गेले हे कळतं, मग एवढ्या मोठ्या कंपनीला एका मेसेजचा माग देता येत नाही? माझ्या आईनं मला हेच विचारलं होतं. ‘ते एन्क्रिप्टेड असतं गं’ असं म्हणून मी विषय संपवला. तिला काहीच कळलं नाही, आणि त्यात तिची चूक नव्हती. ते उत्तर इथे पहिल्यापासून, सावकाश देतो.

## राईनपाडा

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची काही माणसं भिक्षा मागत तिथे आली होती. मंगळवेढ्याकडची, पिढ्यानपिढ्या फिरस्तीवर जगणारी. त्या भागात कित्येक दिवस पोरं पळवणाऱ्या टोळीची आवई उठलेली होती, आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होती. जमावानं त्यांना घेरलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि पाच जणांना ठेचून मारलं. टोळीबिळी काही नव्हती.

त्या वर्षी असे बळी देशात अनेक ठिकाणी गेले. राईनपाड्यानंतर केंद्र सरकारनं व्हॉट्सअ‍ॅपला पत्रं लिहिली आणि त्यांत एक मागणी जोर धरू लागली: मेसेजचा मूळ पाठवणारा सांगा. पुढे २५ फेब्रुवारी २०२१ रोजी माहिती तंत्रज्ञान नियमांत ती कायद्याच्या भाषेत उतरली. भारतात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग कंपनीनं, न्यायालयाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आल्यावर, मेसेजचा ‘पहिला प्रवर्तक’ ओळखता येईल अशी सोय केली पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅप त्याविरुद्ध मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीच्या वकिलांनी तिथे सांगितलं की कुलूप तोडायला लावलंत तर आम्हाला इथून जावं लागेल.

‘कुलूप’ म्हणजे काय, ते आधी पाहू. बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

## कुलूप आणि किल्ली

दाबलं की लागणारं साधं कुलूप तुम्ही पाहिलं असेल. लावायला किल्ली लागत नाही, उघडायला मात्र लागते. आता असं समजा, तुम्ही अशी शेकडो कुलपं बनवून घेतली, सगळ्यांना एकच किल्ली. कुलपं उघडी ठेवून नाक्यावरच्या दुकानात दिलीत आणि किल्ली घरात ठेवलीत. कुणाला तुमच्याकडे काही पाठवायचं असेल तर त्यानं दुकानातून तुमचं एक कुलूप घ्यावं, डबीत वस्तू ठेवावी, कुलूप दाबावं आणि डबी दुकानदाराच्या पोऱ्याबरोबर पाठवून द्यावी. पोऱ्याला डबी उघडता येत नाही. दुकानदाराला नाही. ज्यानं कुलूप लावलं त्यालाही आता ती उघडता येत नाही. उघडेल ते फक्त तुमच्या घरात.

व्हॉट्सअ‍ॅप तुम्ही पहिल्यांदा सुरू करता तेव्हा तुमचा फोन अशी कुलपं आणि त्यांची किल्ली स्वतः तयार करतो. कुलपं कंपनीकडे जातात, किल्ली फोनबाहेर पडत नाही. कंपनी म्हणजे दुकानदार. या पद्धतीला एन्क्रिप्शन म्हणतात. पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत वाटेत कुठेच डबी उघडत नसेल तर ते टोकापासून टोकापर्यंतचं एन्क्रिप्शन. व्हॉट्सअ‍ॅपनं ते एप्रिल २०१६ मध्ये सगळ्यांसाठी लागू केलं. खरी यंत्रणा याहून गुंतागुंतीची आहे, किल्ल्या सारख्या बदलत राहतात, पण आपल्या प्रश्नापुरतं एवढं पुरे.

आता आवई पसरते कशी ते या डब्यांत पाहा. तुम्हाला मेसेज आला, तो तुम्ही पाच जणांना पुढे ढकललात. तुमच्या फोननं तोच मजकूर पाच वेगळ्या डब्यांत घातला आणि पाच वेगळी कुलपं लावली. बाहेरून या पाच डब्यांत काहीही साम्य दिसत नाही. नंदुरबारहून निघालेल्या डबीत आणि पुण्यात पोचलेल्या डबीत एकच चिठ्ठी आहे, हे दुकानदाराला कळायला मार्ग नाही. डबी कुणी कुणाला पाठवली हे पोऱ्याला दिसतं. आत काय आहे आणि ते मूळ कुणाचं आहे, हे दिसत नाही. कंपनी माहिती दडवते असं इथे नाही, ती माहिती तिच्याकडे तयारच होत नाही.

## मग ‘अनेकदा फॉरवर्ड’ची खूण कशी उमटते?

ही शंका चांगली आहे. खूप फिरलेल्या मेसेजवर दोन बाणांची खूण येते, म्हणजे कुणीतरी मोजत असणारच! मोजतो तो फोन. चिठ्ठीच्या कोपऱ्यात एक आकडा लिहिलेला असतो, तुमचा फोन तो वाचतो, पुढे पाठवताना एकानं वाढवतो आणि पुन्हा डबीत बंद करतो. आकडाही कुलपाच्या आतच राहतो. कंपनीला तो दिसत नाही. त्यात नाव नसतं, फक्त किती हातांतून आला एवढंच असतं.

मग त्याच कोपऱ्यात पहिल्या माणसाचं नावही लिहून ठेवलं तर?

## नाव लिहून ठेवण्याचा उपाय

हाच प्रस्ताव २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे आला. आयआयटी मद्रासचे प्राध्यापक व्ही. कामकोटी यांनी सुचवलं की प्रत्येक मेसेजबरोबर मूळ पाठवणाऱ्याची ओळख जोडावी, हवं तर तीही कुलूपबंद ठेवावी आणि गरज पडल्यावर उघडावी. त्यावर आयआयटी मुंबईचे प्राध्यापक मनोज प्रभाकरन यांनी आपलं तज्ज्ञमत दिलं. या उपायानं अपेक्षित काम होणार नाही आणि खासगीपणाचं नुकसान मात्र होईल, असा त्याचा रोख होता. दोघंही संगणकशास्त्रातले जाणकार. तेव्हा हा वाद समजदार आणि अडाणी यांच्यातला आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

प्रभाकरन यांची बाजू मला जास्त पटते, आणि तिचं कारण अगदी व्यवहारातलं आहे. मेसेज तयार होतो तुमच्या फोनमध्ये, म्हणजे नाव लिहिणारा हात तुमचाच. ज्याला दंगल पेटवायची आहे तो फेरफार केलेलं अ‍ॅप वापरेल आणि तिथे दुसऱ्याच कुणाचं नाव लिहील. किंवा इतकेही कष्ट घेणार नाही. परदेशी नंबर घेईल, दुसऱ्याच्या नावावरचं सिम घेईल. सापडेल तो साधा माणूस. टीव्हीवर पाहिलेलं काहीतरी स्वतःच्या शब्दांत टाइप करून काळजीपोटी गटावर टाकणारा. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मेसेजच्या ठशाचा उपायही सुचवला गेला होता. माणसाच्या बोटाचा असतो तसा प्रत्येक मजकुराचा गणितानं एक छोटा ठसा काढता येतो. कंपनीनं मजकूर वाचू नये, पण ठसे आणि पहिला पाठवणारा यांची नोंदवही ठेवावी. यात अडचण अशी की एक स्वल्पविराम वाढवला तरी ठसा पूर्ण बदलतो. आपल्याकडे मेसेज पुढे पाठवताना लोक वर ‘सावधान’ लिहितात, खाली हात जोडल्याची चित्रं टाकतात. दर वेळी नवा ठसा, नवा ‘पहिला’ माणूस. शिवाय उद्या कोणत्या मेसेजवरून गुन्हा घडेल हे आज माहीत नसतं, म्हणून नोंदवहीत सगळ्यांचे सगळे मेसेज हवेत. सरकारनंच २०२१ मध्ये सांगितलेल्या आकड्यानुसार भारतात व्हॉट्सअ‍ॅपचे ५३ कोटी वापरकर्ते होते. एका गुन्हेगारासाठी ५३ कोटी लोकांच्या बोलण्याची वही.

## पहिला म्हणजे दोषी?

या मुद्द्यावर मी जरा थांबतो, कारण चर्चेत तो फारसा येतच नाही.

२०१८ च्या आवयांत एक चित्रफीत भारतभर फिरली. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचं मूल उचलून पळतात. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करण्यासाठी बनवली होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून देतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी शेवट कापला आणि उरलेला तुकडा ‘आपल्या भागात घडलेलं’ म्हणून सोडून दिला.

यात पहिला पाठवणारा कोण? ती संस्था. तिनं भलं काम केलं होतं. गुन्हा कात्री चालवणाऱ्याचा, आणि त्याहून जास्त खोटं गावाचं नाव जोडणाऱ्याचा. तो साखळीत कितवाही असू शकतो. आणि २०२१ चा नियम म्हणतो की मेसेज परदेशातून सुरू झाला असेल तर भारतातला जो पहिला, तोच पहिला मानावा. म्हणजे दुबईतल्या भावानं पाठवलेलं ज्यानं भाबडेपणानं इथल्या गटावर टाकलं, तो कायद्याच्या लेखी मूळ पुरुष.

नियमात काही चांगल्या अटीही आहेत, त्या सांगायला हव्यात. हा आदेश देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बलात्कार, मुलांचं लैंगिक शोषण अशा गंभीर बाबींपुरता आहे, कमी उपद्रवाचा दुसरा मार्ग असेल तर तो आधी वापरायचा आहे, आणि मेसेजमधला मजकूर मागायचा नाही. हेतू वाईट नव्हता. पण अटी आदेशाला आहेत, यंत्रणेला नाहीत. आदेश वर्षाकाठी दहा निघोत की दहा हजार, माग ठेवणारी यंत्रणा मात्र सगळ्यांच्या फोनमध्ये चोवीस तास चालू ठेवावी लागेल.

## ‘मला काय लपवायचंय?’

हा आक्षेप सर्वांत जास्त येतो आणि तो मनापासून असतो. पोलिसांकडे एक जादा किल्ली असली तर भल्या माणसाचं काय बिघडतं?

ग्रीसमध्ये काय झालं ते बघा. अथेन्स ऑलिंपिकच्या सुमारास, २००४-०५ मध्ये, तिथल्या व्होडाफोनच्या यंत्रणेत कायदेशीर फोन-टॅपिंगसाठी असलेली सोय कुणीतरी गुपचूप ताब्यात घेतली. सुमारे शंभर फोन ऐकले जात होते आणि त्यांत खुद्द पंतप्रधान कोस्तास करामनलिस यांचा फोन होता. सोय पोलिसांसाठी होती, ऐकत बसला दुसराच कुणी. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानं टेलिफोन कंपन्यांना अशीच सोय ठेवायला लावली. २०२४ मध्ये उघड झालं की चीनशी संबंधित हॅकर अमेरिकी कंपन्यांच्या जाळ्यात घुसले आणि त्या टॅपिंगच्या यंत्रणेपर्यंत पोचले. त्यानंतर, डिसेंबरात, अमेरिकी सरकारच्याच सायबरसुरक्षा संस्थेनं महत्त्वाच्या पदांवरच्या लोकांना सल्ला दिला की बोलायचं तर टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद अ‍ॅपवर बोला.

दार पोलिसांसाठी ठेवलंय हे दाराला कळत नाही. आणि लपवायचं म्हणजे पाप लपवायचं असंही नाही. बायकोच्या तपासणीचा अहवाल, मुलीला आलेलं स्थळ, संपाची तयारी, पत्रकाराला दिलेली खबर, बँकेतून आलेलं काही, हे सगळं आज त्याच डब्यांतून जातं.

## मग पोलिसांनी काय करायचं?

हात बांधून बसायची गरज नाही. डबी जिथे उघडते तिथे, म्हणजे फोनमध्ये, सगळं वाचता येतं. दीडशे जणांच्या गटातला एक माणूस पुढे आला, किंवा एक फोन कायद्यानं जप्त झाला, की त्या गटात कुणी काय टाकलं ते समोर असतं. तिथून पायरी पायरीनं मागे जाता येतं. हे कष्टाचं काम आहे, पण तपास म्हणतात तो हाच. शिवाय डबीच्या बाहेरची माहिती, म्हणजे नंबर, गटांची नावं, इंटरनेट कुठून वापरलं, यातलं बरंच कंपनी कायदेशीर मागणीवर देऊ शकते. कुणी मेसेजची तक्रार केली तर त्या पाठवणाऱ्याचे शेवटचे पाच मेसेज तक्रार करणाऱ्याच्या फोनमधून कंपनीकडे जातात. कुलूप न तोडता.

आणि राईनपाड्यानंतर ज्या गोष्टीनं खरोखर फरक पडला, ती माग काढण्याची नव्हतीच. जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, ती पुढे जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि अशा मेसेजचं फिरणं ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनं सांगितलं. आकडा कंपनीचाच आहे, त्यामुळे तो जपून घ्यावा. पण तत्त्व पटण्यासारखं आहे. आवई थांबवायची तर तिचा वेग कमी करा. माणूस कोण हे माहीत नसतानाही ते जमतं.

## नेत्यांना इंटरनेट कळत नाही, म्हणून असे कायदे होतात?

असं म्हणायला उदाहरणं खूप आहेत. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकी सिनेटर ऑरिन हॅच यांनी फेसबुकचे प्रमुख मार्क झुकेरबर्ग यांना विचारलं, लोक पैसे देत नाहीत तर तुमचा धंदा चालतो कसा? उत्तर मिळालं, सिनेटर, आम्ही जाहिराती दाखवतो. त्याच वर्षी जपानमध्ये सायबरसुरक्षेची जबाबदारी असलेले मंत्री योशिताका साकुरादा यांनी संसदेत सांगितलं की आपण कधी संगणक वापरलेला नाही. जगभर लोक हसले.

मला हे हसणं तितकंसं पटत नाही. शेती न केलेला माणूस चांगला कृषिमंत्री होऊ शकतो, जर तो शेतकऱ्याला विचारत असेल. आणि याची दुसरी बाजू पाहा. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांना पत्रकारांनी विचारलं, हे कुलूप गणितानं लागतं, ते कायद्यानं कसं उघडणार? ते म्हणाले की गणिताचे नियम चांगलेच आहेत, पण ऑस्ट्रेलियात लागू होतो तो ऑस्ट्रेलियाचा कायदा. हेच टर्नबुल एका मोठ्या इंटरनेट कंपनीचे भागीदार राहिलेले होते. त्यांना कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही. पुढच्या वर्षी, त्यांच्यानंतरच्या सरकारच्या काळात, कुलूपबंद मेसेज वाचायला कंपन्यांना मदत करायला लावणारा तो कायदा त्या वर्षीच्या कामकाजाच्या अखेरच्या दिवशी घाईघाईत मंजूर झाला.

अज्ञानापेक्षा घाई घात करते, असं माझं मत होत गेलं ते आपल्याच कलम ६६अ वरून. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता. २२ डिसेंबर २००८ ला लोकसभेत आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत माहिती तंत्रज्ञान कायद्यातली दुरुस्ती मंजूर झाली. लोकसभेत तिच्यावर चर्चाच झाली नाही. त्यात हे कलम होतं: इंटरनेटवरून त्रासदायक, गैरसोय करणारा मजकूर पाठवला तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. त्रास कशाला म्हणायचं, हे कुणी विचारलं नाही. चार वर्षांनी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती तेव्हा पालघरच्या एका तरुणीनं बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीनं त्या ‘लाइक’ केल्या. दोघींना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात ते कलम रद्द केलं. त्यानंतरही कित्येक वर्षं देशभरातली पोलीस ठाणी त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिली, इतकी की २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश काढावा लागला.

## नियम होतो कुठे?

माग काढण्याच्या तरतुदीचं तर आणखी वेगळं आहे. ती कायद्यात नाही, नियमांत आहे. कायदा संसद करते, त्याखालचे नियम मंत्रालय करतं आणि राजपत्रात छापतं. त्यावर सभागृहात मतदान होत नाही. इंटरनेटबद्दलचे आपल्या रोजच्या जगण्याला भिडणारे बहुतेक बदल याच वाटेनं आले आहेत. सरकारबद्दलची बातमी खोटी की खरी हे सरकारनंच ठरवण्याचा २०२३ चा बदल असाच नियमांतून आला होता. मुंबई उच्च न्यायालयानं तो सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. दर वेळी चूक दुरुस्त करायला न्यायालय, आणि तोवर दीड वर्ष, तीन वर्षं, सहा वर्षं.

पण संसदेत एक खिडकी उघडी असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ८७ प्रमाणे केंद्राचा प्रत्येक नियम दोन्ही सभागृहांपुढे ३० दिवस ठेवावा लागतो. त्या काळात, किंवा फार तर पुढचं अधिवेशन संपेपर्यंत, नियम बदलावा किंवा रद्द करावा असा प्रस्ताव कुणीही खासदार मांडू शकतो. असं घडलेलंही आहे. मे २०१२ मध्ये केरळचे खासदार पी. राजीव यांनी राज्यसभेत २०११ चे इंटरनेट नियम रद्द करण्याचा प्रस्ताव आणला. पक्षांच्या भिंती ओलांडून सदस्य बोलले, मंत्री कपिल सिब्बल यांना उत्तर द्यावं लागलं, सर्वांशी सल्लामसलत करण्याचं आश्वासन द्यावं लागलं. प्रस्ताव पडला. पण ‘हे प्रत्यक्षात चालणार कसं’ हा प्रश्न त्या दिवशी सभागृहात विचारला गेला.

महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार आहेत, गोव्याचे दोन आणि एक. सिम, बनावट चित्रफिती, मुलांचे फोन, यांवरचे नवे नियम आता दर काही महिन्यांनी येतात. प्रत्येक नियमाबरोबर ते ३० दिवसही येतात, आणि आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला तेव्हा पत्र लिहायला संगणकाचं शिक्षण लागत नाही.